पानाला तारीख, इरल्याला नाही

तुम्ही शहापूर किंवा मुरबाडकडचे असाल, तर आधी एक प्रश्न. आपल्या या दोन तालुक्यांतली एखादी वस्तू मुंबईच्या, पुण्याच्या किंवा दिल्लीच्या संग्रहालयात आहे का, आणि असेल तर तिच्याखाली काय लिहिलंय, सांगता येईल? माझ्या ओळखीच्या बहुतेकांना नाही सांगता आलं. यात त्यांचा दोष नाही. संग्रहालय म्हणजे शाळेच्या सहलीत राणीच्या बागेनंतर आणि गेटवेच्या आधी धावत बघायची जागा, अशीच आपली त्याच्याशी ओळख झालेली असते.

या ब्लॉगवर मी एरवी वनस्पतिशास्त्रावर लिहितो. पण माझं निम्मं काम जंगलात आणि निम्मं हर्बेरियममध्ये चालतं, आणि हर्बेरियम हे एक प्रकारचं संग्रहालयच आहे. तिथे बसून बसून मला पाट्या वाचायचा नाद लागला. त्यातूनच राष्ट्रीय संग्रहालयं आणि राष्ट्राची ओळख यांवरचं बरंच संशोधन वाचत गेलो. ते सोपं करून सांगावं, आणि त्यावर माझं म्हणणंही मांडावं, म्हणून हा लेख.

हर्बेरियममधला नमुना कसा असतो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माळशेजच्या उतारावरून एखादी फांदी आणली, ती वर्तमानपत्रात दाबून वाळवली आणि साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवली, तरी तेवढ्याने तिला विज्ञानात काही किंमत नसते. उजव्या कोपऱ्यात खाली एक पाटी लागते. शास्त्रीय नाव, कुळ, जागा, उंची, गोळा केल्याची तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा क्रमांक. यातलं नाव पुढे बदललं तरी चालतं, आणि ते बदलतंच. कुणी तरी नंतर येऊन ‘ही ती जात नव्हे’ असं म्हणत दुसरी चिठ्ठी चिकटवतो. पण तारीख आणि जागा नसेल, तर तो नमुना म्हणजे नुसता पाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम असो की पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं, नियम तोच. शंभर वर्षांपूर्वीच्या पानाबद्दल आपण सांगू शकतो की ते कुणी, कुठून आणि कोणत्या दिवशी तोडलं.

आता इरलं घ्या. आवणीच्या वेळी पाठीवर घ्यायचं ते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पळसाची पानं. वाकून रोप लावताना दोन्ही हात मोकळे राहतात, हे छत्रीला आजतागायत जमलेलं नाही. संग्रहालयांच्या आदिवासी दालनांत इरलं हमखास भेटतं, आणि पाटीचा सर्वसाधारण नमुना असा: इरलं; जमात ठाकर किंवा वारली; जिल्हा ठाणे; पावसापासून संरक्षणासाठी वापरतात. कुणी विणलं, कोणत्या गावात, कोणत्या साली, याचा पत्ता नाही. शेवटचं क्रियापदही बघा: ‘वापरतात’. गेल्या आवणीला तुमच्या शेतावर किती इरली होती आणि किती प्लास्टिकचे कागद, ते आठवा, म्हणजे या ‘वापरतात’चं वय कळेल.

एकाच देशात, एकाच प्रकारच्या संस्थांमध्ये, झाडाच्या पानाला तारीख मिळते आणि माणसाने विणलेल्या वस्तूला मिळत नाही. माझं सगळं म्हणणं या एका फरकाभोवती आहे.

राष्ट्र आणि संग्रहालय यांचा संबंध सांगताना संशोधनात पहिलं नाव येतं बेनेडिक्ट अँडरसन यांचं. ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ हे त्यांचं पुस्तक १९८३ चं. १९९१ च्या आवृत्तीत त्यांनी एक प्रकरण वाढवलं, त्याचं शीर्षकच ‘जनगणना, नकाशा, संग्रहालय’ अशा अर्थाचं आहे. मुद्दा थोडक्यात असा. वसाहतीच्या सरकारने या तीन साधनांनी आपल्या ताब्यातल्या मुलखाचं चित्र तयार केलं. इथे कोण राहतं ते जनगणनेने ठरवलं, कुठपर्यंत राहतं ते नकाशाने, आणि त्यांचा भूतकाळ कोणता ते संग्रहालयाने. नंतर स्वतंत्र झालेल्या देशांनी ही तिन्ही साधनं जवळपास जशीच्या तशी उचलली.

अँडरसन यांची उदाहरणं आग्नेय आशियातली आहेत. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. १८८२ साल घ्या. त्या वर्षी जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्यावरचे खंड छापले गेले, तेरावा आणि चौदावा. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन केलं. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना त्याच साली तिथे मिळाला. (सोपारा आता पालघर जिल्ह्यात, पण २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता.) सोपाऱ्याची हकिगत चौदाव्या खंडात सविस्तर आहे: कुठे खणलं, काय निघालं, कोणत्या राजाच्या काळातलं. तेराव्या खंडातल्या लोकसंख्येच्या प्रकरणात ठाकूर, काथोडी, वारली, कोळी येतात. दिसणं, पोशाख, घर, खाणं, देव, लग्न, स्वभाव, आणि सगळं वर्तमानकाळात. एकच सरकार, एकच जिल्हा, एकच साल. दगडांना इतिहास मिळाला आणि माणसांना सवयी.

पुढे तो शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात गेला. या संग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. इमारत झाल्यावर पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, आणि लोकांसाठी ते १९२२ च्या जानेवारीत उघडलं. १९९८ पासून त्याचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. मधल्या काळात दगड तोच राहिला, अर्थ मात्र बदलला. सोपाऱ्याच्या तळ्याकाठचा दगड आधी साम्राज्याच्या पुरातत्त्वाचा झाला. २६ जानेवारी १९५० ला अशोकाचे सिंह भारताची राजमुद्रा झाले, तेव्हापासून तो प्रजासत्ताकाच्या पूर्वजाचा हस्ताक्षराचा नमुना आहे. हे वाईट झालं असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना अशोक पाटलीपुत्राइतकाच नालासोपाऱ्याचाही वाटावा, यासाठी ही उत्तम वस्तू आहे. दगडाला तारीख होती, म्हणून त्याला ही बढती मिळू शकली, इतकंच मला दाखवायचंय.

दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय याच वाटेने आलं, पण त्याच्या जन्माची गोष्ट जरा गमतीची आहे. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत भारत आणि पाकिस्तानच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी देशभरातल्या संग्रहालयांनी आपल्या निवडक मूर्ती पाठवल्या. त्या परत आल्यावर दिल्लीत, आजच्या राष्ट्रपती भवनात, मांडल्या गेल्या. तिथेच १५ ऑगस्ट १९४९ रोजी राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं आणि अनेक वस्तू मूळ गावी परतण्याऐवजी दिल्लीतच राहाव्यात यासाठी खटपट झाली. सध्याच्या इमारतीची पायाभरणी नेहरूंनी १९५५ मध्ये केली, आणि डिसेंबर १९६० मध्ये राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. हा सगळा इतिहास तपती गुहा-ठाकुरता आणि कविता सिंग यांनी नीट उलगडून दाखवला आहे. कविता सिंग जेएनयूत शिकवत. २०२३ मध्ये त्या गेल्या. संग्रहालयांवर इतकं धारदार आणि तरीही वाचनीय लिहिणारं आपल्याकडे फारसं कुणी नव्हतं. त्यांची एक दृष्टी मला फार उपयोगी पडली: दालनांतल्या वस्तू बघण्याआधी दालनांचा क्रम बघायचा.

तसा तो बघू. तळमजल्यावर हडप्पा, मग मौर्य, शुंग, कुषाण, गुप्त, अशी काळाची रांग लागते. चालत गेलं की इतिहासातून चालल्यासारखं वाटतं. वरच्या मजल्यांवर गेल्यावर रांग मोडते आणि प्रकार सुरू होतात: चित्रं, नाणी, हस्तलिखितं, शस्त्रं, वाद्यं. यांतच ईशान्येकडच्या आदिवासी जीवनाचं दालन आहे. व्हेरिअर एल्विन यांच्या संग्रहातल्या वस्तू त्यात आहेत. म्हणजे खाली काळ आणि वर प्रकार. आदिवासी हा ‘काळ’ नाही, ‘प्रकार’ आहे. हे कुठेही लिहिलेलं नाही, पण जिन्याने चढून गेलेल्या प्रत्येकाला कळतं. लिहिलं असतं तर कुणी हरकत तरी घेतली असती.

मानवशास्त्रात या गोष्टीवर योहानेस फाबियान यांचं १९८३ चं पुस्तक आहे. त्यांचा मुद्दा माझ्या भाषेत सांगतो. अभ्यासक पाड्यावर जातो, ओट्यावर बसतो, समोरच्या माणसाशी बोलतो. दोघं एकाच दिवशी, एकाच तासात असतात. चहाही बहुधा एकाच किटलीतला. पण अभ्यासक लिहायला बसला की स्वतः आजचा राहतो आणि समोरचा ‘आदिम’ होतो. बोलताना एक काळ, लिहिताना दोन. संग्रहालयात हे अजून सोपं जातं. काचेच्या पेटीत वस्तू ठेवली आणि पाटीवरून साल वगळलं, की काम झालं.

वारली चित्राचं बघा. तुम्ही म्हणाल, त्याला तर केवढा मान मिळाला! मिळालाच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाचे भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले, भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आज दिल्लीच्या विमानतळापासून साडीच्या पदरापर्यंत तारपा नाचतोय. ज्या बायका लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहीत आल्या, त्यांचं नाव मात्र मागे पडलं. हा वेगळा लेखाचा विषय आहे, आज सोडून देतो. आज मला वारल्यांच्या दुसऱ्या एका तारखेबद्दल बोलायचंय.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. मुरबाडहून ते काही लांब नाही. तिथे वारली प्रतिनिधी आले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारल्यांनी वेठ करायची नाही अशी शपथ घेतली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं, ती लग्नगडीची पद्धत याच लढ्यात मोडली. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, वारली मारले गेले. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आपल्यापैकी अनेकांनी वाचलंय. आता सांगा, ‘वारली’ म्हटल्यावर राष्ट्रीय पातळीवर लोकांना काय आठवतं? गोल फिरणारा तारपा, की मान वर करून ‘वेठ नाही’ म्हणणारा माणूस? दोन्ही वारलीच. पण एकाला तारीख आहे आणि एकाला नाही, आणि देशाने भिंतीवर लावायला बिनतारखेचा निवडला. तारीख आली की सावकार येतो, जंगलखातं येतं, पोलीस येतात, आणि चित्र शोभेचं राहत नाही.

कातकऱ्यांचंही तेच. ‘कातकरी’ हे नावच एका धंद्याचं आहे: खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलं झाली, खैर तोडणं गुन्हा झाला आणि धंदा बसला. आज वासिंद, पडघा, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर जी कुटुंबं दिसतात, त्यांच्या तिथे असण्याला कारण आहे आणि कारणाला साल आहे. कात काढायची भांडी एखाद्या संग्रहालयाने मांडली आणि शेजारी ‘१८७८’ एवढा आकडा लिहिला, तर बघणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहील. आकडा नसेल तर तो म्हणेल, ‘वा, किती साधं जीवन’, आणि पुढच्या दालनात जाईल.

इथवर वाचून कुणी म्हणेल, पाटीवर साल नसल्याने असं काय बिघडतं? संग्रहालयात जातं कोण? पाटी फक्त पेटीवर असती तर मीही एवढं लिहिलं नसतं. ती माणसांवरही लावली जाते.

महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी होते, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडचे ठाकर, महादेव कोळी यांच्या घरांत ‘व्हॅलिडिटी’ हा शब्द लहान पोरांनाही येतो. त्या पडताळणीत ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ नावाचा भाग असतो. अर्जदाराला विचारतात: तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, मयताला काय करता, बोली कशी, नाच कोणता. उत्तरं जमातीच्या छापील वर्णनाशी जुळली तर ठीक. आता विचार करा. आजोबा शहापूरला रेल्वेत लागले, वडील कल्याणला वाढले, पोरगी इंजिनिअरिंगला बसली आहे, आणि तिने पास व्हायचंय ते दोन पिढ्यांपूर्वीच्या पाटीच्या परीक्षेत. ज्या संस्थेच्या कामांच्या यादीत आदिवासी संग्रहालय येतं, त्याच पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या यादीत जमात प्रमाणपत्रांच्या पडताळणीचं कामही येतं. यात कुणाचा कट वगैरे नाही. पण ‘जमात म्हणजे काय’ याची एकच कल्पना काचेच्या पेटीत आणि कार्यालयाच्या टेबलावर दोन्हीकडे नांदत असेल, तर नवल वाटायला नको.

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्याच प्रकरणात निकाल दिला, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. स्थलांतर, शिक्षण, शहरी वस्ती यांमुळे चालीरीती बदलू शकतात, आणि घटनेच्या आधीच्या काळातल्या जुन्या कागदपत्रांना जास्त वजन द्यायला हवं. म्हणजे न्यायालयाच्या तराजूत लक्षणांच्या यादीपेक्षा तारीख असलेला कागद जड ठरला. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून हा निकाल वाचताना मला हसू आलं. आमच्याकडे हे पहिल्या वर्षाला शिकवतात: वर्णन जुळतंय की नाही यावर वाद होऊ शकतो, पाटीवरची जागा आणि तारीख आधी बघा.

दुसरं उदाहरण वनहक्काचं. २००६ च्या कायद्याखाली आदिवासी कुटुंबाला दाखवावं लागतं, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आमच्या कसवणुकीत आहे. बिगर-आदिवासी पारंपरिक वननिवासी असेल तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं. पुरावा म्हणून काय चालतं हे २००८ च्या नियमांतल्या तेराव्या नियमात दिलंय: गॅझेटियर, जनगणना, नकाशे, सरकारी नोंदी, वडीलधाऱ्यांचं निवेदन, जुनी घरं, विहिरी, दफनभूमी, देवाची ठिकाणं, नामवंत संस्थांनी केलेली संशोधनं. अँडरसन यांची तीन साधनं आठवा. जनगणना आहे, नकाशा आहे. संग्रहालय नाही! आणि ते नसणं बरोबरच आहे, कारण तारीख आणि गाव नसलेलं इरलं कुठल्या ग्रामसभेपुढे काय सिद्ध करणार? उलट बाजूने बघा. एखाद्या संग्रहालयाकडे ‘अमुक गाव, अमुक पाडा, अमुक साली अमुक घरातून घेतलेली वस्तू’ अशी नोंद असती, तर ती माझ्या मते अशा दाव्यात पुरावा म्हणून मांडता आली असती. एक हात माणसाला बिनतारखेचा करून शोभेला ठेवतो, आणि दुसरा हात त्याच माणसाकडे तारीख मागतो. राष्ट्रीय ओळख घडवणं म्हणजे काय, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला वाचनात भेटलेलं नाही.

संग्रहालयांची बाजूही मांडायला हवी. पहिली गोष्ट, यातल्या बऱ्याच वस्तू जमवल्याच गेल्या नसत्या तर आज बघायलाही मिळाल्या नसत्या. वाळवीला पाटीशी देणंघेणं नसतं. दुसरी, अनेकदा वस्तू एकगठ्ठा विकत घेतल्या गेल्या, नोंदवहीत खरेदीची तारीख पडली आणि विणणाऱ्याची पडलीच नाही. आजच्या क्युरेटरने ती आणायची कुठून? तिसरी गोष्ट माझ्याच शास्त्राबद्दल. हर्बेरियमच्या पाटीवर गोळा करणाऱ्याचं नाव असतं हे खरं, पण ते साहेबाचं किंवा प्राध्यापकाचं. ‘साहेब, ते झाड वरच्या कड्याला आहे’ असं सांगून पुढे चालणाऱ्या ठाकराचं नाव जुन्या पाट्यांवर शोधून सापडत नाही. आम्ही पानाला न्याय दिला, वाटाड्याला नाही. तेव्हा वनस्पतिशास्त्राने फार मान ताठ करू नये.

पण तारीख देता येते, आणि चांगली पाटी लांबलचकही लागत नाही. इरल्यालाच देऊन बघू. कोणता बांबू, कोणती पानं, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतं. तेवढं माझ्यासारखा कुणीही करून देईल. कुठल्या पाड्यावर, कोणी विणलं, हे ज्या घरातून वस्तू येते तिथे विचारायचं. त्याखाली चार ओळी: १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, त्यामुळे तो तोडायला आणि न्यायला परवान्याची भानगड होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं. २०१७ मध्ये कायद्याच्या व्याख्येतल्या झाडांतून तो वगळला, वनक्षेत्राबाहेरच्या बांबूसाठी. या मधल्या काळात प्लास्टिकचा कागद बाजारात आला आणि स्वस्त पडला. आता ही वस्तू वाचणाऱ्याला भारत नावाच्या राज्याबद्दल काही तरी सांगते. ती राष्ट्राच्या बाहेरची राहत नाही, राष्ट्राच्या कायद्याशी तिचा रोजचा संबंध दिसतो.

बाहेर असे प्रयत्न झालेले आहेत. न्यूझीलंडचं राष्ट्रीय संग्रहालय ‘ते पापा’ १९९८ मध्ये उघडलं. तिथे माओरी वस्तू कशी मांडायची यात त्या वस्तूच्या वंशजांचा शब्द चालतो, असं तत्त्वच आहे. आपल्याजवळ, गुजरातमधल्या तेजगढला गणेश देवींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आदिवासी अकादमीत ‘वाचा’ नावाचं संग्रहालय आहे. लहान आहे, पण त्याची कल्पना दिल्लीपेक्षा मोठी आहे.

आणि काही वेळा तर वस्तू जागेवर असणंच बरं. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने जाताना वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट वर चढते. वरच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या, पण वर कोरलेली नावं आहेत: सिमुक, सातकर्णी, नागनिका. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही याच भिंतीवर आहेत. संग्रहालयातल्या आदिवासी दालनाच्या अगदी उलट प्रकार: वस्तू नाही, पण नाव शाबूत. पाटी दगडात कोरायची पद्धत सातवाहनांना चांगली जमली होती.

मुरबाडमध्येच सिद्धगड आहे. १९४२ मध्ये मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी तिथल्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. दर २ जानेवारीला लोक तिथे जमतात. तिथे काचेची पेटी नाही, तिकीट नाही. पण ‘देश’ हा शब्द त्या डोंगरात कोणत्या दिवशी आला, हे तिथल्या माणसाला विचारावं लागत नाही. आणि इकडे ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ ला राघोजी भांगरे फाशी गेले. तेही महादेव कोळी. एखाद्या दालनात ‘महादेव कोळी, दागिने’ असं लिहिलेलं वाचाल तेव्हा ही तारीख मनातल्या मनात खाली जोडून घ्या.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे दिल्लीत आता नवं राष्ट्रीय संग्रहालय होऊ घातलंय. नॉर्थ ब्लॉक आणि साऊथ ब्लॉकमध्ये ‘युगे युगीन भारत’ या नावाने ते उभं राहणार, अशी घोषणा २०२३ मध्ये झाली. पाच हजार वर्षांची कहाणी, शेकडो खोल्या, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, असं त्याचं वर्णन केलं जातं. खोल्या किती, यापेक्षा मला एकाच गोष्टीची उत्सुकता आहे: त्या पाच हजार वर्षांच्या रांगेत १८७८ आणि १९४५ कुठे उभे करणार? रांगेत, की पुन्हा वरच्या मजल्यावर, प्रकारांत?

तोवर घरबसल्या करण्यासारखं एक काम सांगतो. ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ नावाचं सरकारी पोर्टल आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जतन’ प्रणालीवर ते चालतं आणि अनेक संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदी त्यावर फुकट बघता येतात. तिथे आपल्या जिल्ह्याच्या नावाने शोधा. इंग्रजी स्पेलिंग दोन्ही टाकून बघा, आताचं आणि शेवटी ‘ए’ असलेलं इंग्रजांच्या वेळचं. जुन्या नोंदी बऱ्याचदा दुसऱ्यानेच सापडतात. वस्तूचा फोटो नंतर बघा. आधी गावाच्या आणि सालाच्या रकान्यात काय आहे ते बघा, आणि रकाना रिकामा असलेली एखादी वस्तू तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा.